टेप गुंडाळलेलं टोक

दादा विक्रोळीच्या एका कारखान्यात पर्मनंट झाला, त्या वर्षीची ही गोष्ट. पर्मनंट झाल्यावर माणसं लग्नाचं बघतात. दादाने गिटारचं बघितलं.

आम्ही घाटकोपरला डोंगरावरच्या वस्तीत राहायचो. मी, आई आणि दादा. वडील गिरणीत होते. गिरण्यांच्या संपानंतर ते साताऱ्याकडे गावी गेले आणि दुसऱ्याच वर्षी तिथेच वारले. तेव्हापासून घर दादाच्या आणि माझ्या पगारावर चालायचं. मी अंधेरीला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत कॉइल वाइंडिंगला होते. केसाएवढी बारीक तांब्याची तार प्लॅस्टिकच्या रिळावर गुंडाळायची, काही हजार वेढे, एकही वेढा शेजारच्यावर चढू न देता. आम्ही चाळीस बायका ओळीने बसून हेच करायचो. माझा हात चांगला होता. सुपरवायझर नव्या मुलींना शिकायला माझ्याशेजारी बसवायचा.

दादा वस्तीतल्या गायन पार्टीत कोरसला होता. पेटी, ढोलकी, झांज आणि मागे चौघं-पाचजण, अशी ती पार्टी. जयंतीचे, पौर्णिमेचे, बारशाचे, लग्नाचे कार्यक्रम करायची. कारखान्यात दादाच्या खात्यात एक ख्रिश्चन फिटर होता. जेवणाच्या सुट्टीत तो गिटार वाजवायचा आणि त्याच्याकडूनच दादा थोडंफार शिकला होता. पार्टीच्या मुख्य गायकाला दादा एकदा म्हणाला, "आपल्या गाण्यात गिटार घातली तर?" गायक हसले नाहीत. म्हणाले, "इलेक्ट्रिकवाली आण. साधीचा आवाज ढोलकीखाली मरतो."

फिटरनेच पत्ता दिला, गोराईचा. एका रविवारी दादा मलाही घेऊन गेला. बोरिवलीहून बस आणि मग खाडी ओलांडायला होडी. मी पहिल्यांदाच होडीत बसले होते आणि दादाच्या शर्टाची मागची बाजू घट्ट धरून ठेवली होती. गिटार विकणारे गृहस्थ पन्नाशीचे असतील, पूर्वी लग्नांच्या बँडमध्ये वाजवायचे. आम्ही त्यांना अंकल म्हणालो. गिटार कलकत्त्याला बनलेली, लाल रंगाची, कडेचा रंग उडालेला. अंकलनी दादाला तिची मान डोळ्यासमोर धरून दाखवली. "बघ, सरळ आहे. एवढ्या स्वस्तात सरळ मान मिळत नाही. पिकअप तेवढे बेताचे आहेत."

पिकअप म्हणजे काय ते मला दादाने परतीच्या होडीत सांगितलं. तारांच्या खाली दोन काळ्या पट्ट्या होत्या, त्या. तार हलली की त्या पट्टीत करंट तयार होतो आणि तो अँप्लिफायरच्या मशीनमध्ये जाऊन त्याचा आवाज होतो.

"आत काय असतं?" मी विचारलं.

"लोहचुंबक. आणि त्याच्याभोवती तुझं ते."

"काय माझं?"

"कॉइल, बारके. तू दिवसभर जे करतेस ते."

त्या दिवशी मला ती गिटार एकदम आपली वाटली.

आवाज मात्र खरंच बेताचा होता. घरी दादा ती सेलवरच्या ट्रान्झिस्टरला मागून जोडायचा. ट्यूबलाइट लावली की गिटारमधून घूंऽऽ असा आवाज यायचा, आणि दादा वाजवत असो वा नसो, तो चालूच राहायचा. आई वैतागायची. "भुंगा बसलाय का आत?" म्हणायची. कार्यक्रमात माईकवाल्याच्या मोठ्या मशीनला गिटार जोडली की ती घरघर अख्ख्या मैदानभर व्हायची. माईकवाला वस्तीतलाच होता. आम्ही त्याला काका म्हणायचो. भोंगे, माईक आणि दोन जुनी मशीनं भाड्याने द्यायचा. तो दादाला चिडवायचा, "तुझी गिटार गाण्याच्या आधीच गायला लागते रे." एकदा एका संथ गाण्यात गायक मध्येच थांबले, मागे वळले आणि दादाला खुणेने म्हणाले, बंद कर. चारशे माणसांपुढे. दादा घरी येऊन जेवलाच नाही.

मग पिकअप बदलायचे का, याच्यावर आमच्या घरात जवळजवळ दोन महिने चर्चा झाली. फिटरच्या ओळखीने सांताक्रूझचा एक माणूस परदेशी पिकअप आणून देत होता. पण त्यांची किंमत अख्ख्या गिटारपेक्षा जास्त होती. दादा रोज वेगळं बोलायचा. एक दिवस म्हणायचा, एवढ्या स्वस्त गिटारला एवढे महाग पिकअप लावणं म्हणजे मूर्खपणा. दुसऱ्या दिवशी म्हणायचा, लाकूड चांगलं आहे, मान सरळ आहे, फक्त आवाज अडकलाय. आईने एकदा विचारलं, "बदलून तू चांगला वाजवशील का?" फिटरचं म्हणणं होतं, आधी आहे त्यावर हात बसू दे.

मी म्हणाले, "मी करते."

"काय करतेस?"

"पिकअप. नवीन कॉइल भरते. तार कंपनीत फेकून देतात ती, रिळाच्या तळाला उरलेली. विचारून आणते."

दादा माझ्याकडे बघत राहिला. त्या क्षणी त्याने नको म्हटलं असतं तर, हा विचार मी नंतर इतक्या वेळा केला आहे की आता तो क्षण खरा कसा होता तेही मला सांगता येत नाही. मला आठवतं ते एवढंच की तो हसला आणि म्हणाला, "जमेल तुला?"

जमलं. आईच्या शिलाई मशीनला बॉबिन भरायचं एक छोटं चाक होतं. त्याच्यावर मी पिकअपचं रीळ बसवलं. एका रविवारी सकाळी दारात उजेडाला बसून भरायला सुरुवात केली. आई हळूहळू मशीन चालवत होती आणि मी तार सोडत होते. दोनदा तुटली, पुन्हा पहिल्यापासून केलं. फिटरने सांगितलं होतं की कॉइल मेणात बुडवली नाही तर ती शिट्टी मारते. आई विहारातून वंदनेच्या उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे पिशवीभर घेऊन आली. ते पातेल्यात वितळवून त्यात मी दोन्ही कॉइली बुडवल्या. घरभर विहाराचा वास सुटला.

जुने पिकअप काढायला गिटार उघडली तेव्हा आत मला एक वायर दिसली. बाकीच्या वायरी कुठून तरी निघून कुठे तरी जात होत्या. ही मात्र कुठेच जात नव्हती. तारा जिथे खाली अडकवलेल्या असतात त्या पत्र्याच्या पट्टीखालून ती आत आली होती आणि मध्येच संपत होती. टोकाला काळी टेप गुंडाळलेली होती, तीनचार वेढे, नीट दाबून.

"दादा, ही वायर कापलेली आहे."

"तुटली असेल."

"नाही. पक्कडने कापली आहे. टेप पण लावली आहे."

तो वाकून बघायला लागला. "कशाची आहे?"

"अर्थिंगची. तारांना आतून जोडलेली असते. म्हणूनच घरघर जात नव्हती. धातूची प्रत्येक गोष्ट जोडलेली पाहिजे, आम्हाला ट्रेनिंगला हेच शिकवलंय."

"मग जोड ना."

मी टेप सोडवली. तिचा चिकटपणा अजून शिल्लक होता, बोटांना काळं लागलं. कुणा अडाण्याने हे केलं असेल असं मला वाटलं. तसं मी बोलूनही दाखवलं. म्हणाले, "कुणीतरी उगाच हात घातलाय यात." मग टोक घासून स्वच्छ केलं आणि सोल्डरिंगचा डाग देऊन बाकीच्या अर्थिंगला जोडलं. ज्याने टेप एवढी नीट गुंडाळली तो अडाणी असू शकत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तो कोण होता, त्याने का कापली, हा प्रश्न गोराईपर्यंत जाऊन एका मिनिटात विचारता आला असता.

तारा पुन्हा चढवल्या. संध्याकाळी ट्यूबलाइट लावली, ट्रान्झिस्टर जोडला, आणि काहीच ऐकू आलं नाही. दादाला वाटलं कनेक्शन चुकलं. त्याने एक तार छेडली. ती अशी वाजली की शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. तार थांबली, आणि मग पुन्हा शांत. दादाने परत छेडली, परत थांबवली. ती शांतताच तो वाजवून बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला तो ट्रान्झिस्टरची बटणं फिरवत बसला.

"बारके," तो म्हणाला, "तू तर वाट लावलीस सांताक्रूझवाल्याची."

नंतरचे बारा-तेरा दिवस आमच्या घरातले सगळ्यात चांगले दिवस होते. तो कामावरून आला की हात धुवून लगेच वाजवायला बसायचा. ट्रान्झिस्टर सेलवर चालायचा म्हणून घरी काही कळायचं कारणच नव्हतं.

एप्रिल म्हणजे जयंतीचा महिना. पार्टीला त्या महिन्यात दम खायला वेळ नसायचा. नवीन आवाजाचा पहिला कार्यक्रम आमच्याच वस्तीच्या मैदानात होता. धूळ उडू नये म्हणून दुपारी मैदानावर पाणी मारलं होतं. वेगळं स्टेज नव्हतं. मुरमावर दोन पदरी सतरंज्या टाकल्या होत्या, मागे टेबलावर फोटो, हार, वर निळ्या पताका. फोटोसमोर कुणी चप्पल घालून उभं राहत नाही, म्हणून सगळे अनवाणी होते. माईकचा लोखंडी स्टँड सतरंजीच्या पुढे ओल्या मुरमात रोवलेला होता.

दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. मी आणि आई बायकांत तिसऱ्या रांगेत होतो. पहिल्या गाण्याला गिटार वाजली आणि गायकांनी मान वळवून दादाकडे बघितलं, या वेळी वेगळ्या नजरेने. माईकवाल्या काकांनी मशीनपाशी बसल्या बसल्या हाताने झकास अशी खूण केली. गाणं संपल्यावर दादाने हाताची बोटं झटकली, जसं मुंग्या आल्यावर आपण झटकतो, आणि माझ्याकडे बघून हसला. मी समजले, घाबरलाय म्हणून.

दुसऱ्या गाण्यात कोरसची ओळ त्याने एकट्याने म्हणायची होती. गायक बाजूला झाले. गायक उंच होते, दादा बुटका. माईक खाली घ्यायला त्याने उजवा हात पुढे केला आणि स्टँडचा पाइप धरला. डावा हात तारांवर होता.

भोंग्यातून एक मोठा आवाज आला. लोकांना वाटलं माईक बिघडला. दादा पाइप सोडत नव्हता. त्याचा चेहरा दुसऱ्याच कुणाचा तरी झाला. मग स्टँड, गिटार आणि तो, तिन्ही मिळून आडवे झाले. कुणीतरी त्याला धरायला धावलं आणि फेकलं गेलं. काकांनी बटण बंद केलं, मैदानातले दिवे गेले, आणि त्या अंधारात आईने माझा हात सोडला. त्या आधी तिने माझा हात धरला होता हेही मला तेव्हाच कळलं.

रिक्षाने सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला बाजूला बोलावलं. दादा सव्वीस वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी मातीहून परत आल्यावर माणसं काकांच्या घरी गेली. मशीन करंट मारत होतं हे तोपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. त्यांनी काकांना बाहेर ओढलं, मारलं, मशीन दगडाने फोडलं. काका हात जोडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. "इतकी वर्षं याच मशीनवर वाजवतोय. याच मशीनवर पोरगं सहा महिने वाजवत होतं. कधी काही झालं का? सांगा ना, कधी काही झालं का?"

मी दहा हातांवर उभी होते. त्या प्रश्नाचं उत्तर त्या गल्लीत फक्त मला माहीत होतं. आदल्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावर बसल्या बसल्याच ते माझ्या लक्षात आलं होतं. मशीनच्या पत्र्यात करंट उतरायचा, पण तो दादापर्यंत पोचत नव्हता, कारण मधली वायर कापलेली होती. मी ती जोडली.

मी काही बोलले नाही. काकांना पोलिसांनी धरून नेलं, मग ते सुटले, आणि महिन्याभरात बायको-मुलांना घेऊन वस्ती सोडून गेले. त्यांच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं.

गिटार कुणीतरी आमच्या घरी आणून ठेवली. तिला काही झालं नव्हतं. आईने ती भिंतीला टांगली. रोज केर काढून झाला की ती पदराने पुसायची आणि पुसताना एखादी तार हलायची. मशीनशिवाय त्या गिटारचा आवाज फार लहान होता. तेवढ्या लहान आवाजानेही मी मोरीत, दारात, जिथे असेन तिथे थिजायचे. आई म्हणायची, "त्याने हात ठेवलाय तिथे माझा हात पडतो." मी मान हलवायचे.

पंधरा दिवसांनी मी कामावर गेले. समोर रीळ आलं, हाताने तार धरली आणि वेढे पडायला लागले. हात थांबत नव्हते याची मला भीती वाटली. कंपनीतल्या ट्यूबलाइटचे चोक घूं करायचे. इतकी वर्षं तो आवाज मी ऐकलाच नव्हता. आता तो दिवसभर माझ्या कानात असायचा आणि मला तो बरा वाटायचा. शांतता झाली की भीती वाटायची. घरी मी ट्यूबलाइट काढून पिवळा बल्ब लावला. आईने कारण विचारलं नाही. मग एके दिवशी मीच तो काढला आणि पुन्हा ट्यूब लावली, कारण आवाज नसलेल्या घरात मला दादा शेजारी बसल्यासारखा वाटत होता, तार थांबवून, ऐकत.

एका दुपारी आई विहारात गेली असताना मी गिटार खाली काढली आणि उघडली. वायर पुन्हा कापून टाकावी असं मनात होतं. आत माझा डाग दिसला. गोल, चकचकीत, कुठे गोळा नाही, कुठे कच्चा नाही. शिकायला बसणाऱ्या मुलींना दाखवावा असा. मी पक्कड हातात धरून किती वेळ बसले कोण जाणे. माझ्याच्याने कापवलं नाही. झाकण लावलं आणि गिटार होती तशी टांगली.

पावसाळा संपल्यावर मी गोराईला गेले. एकटी. होडीत या वेळी धरायला कुणी नव्हतं, मी लाकडी फळी धरून बसले. अंकल दारातच जाळं साफ करत बसले होते. त्यांनी मला ओळखलं. "अरे, त्या दिवशी भावाबरोबर आलेली तू. गिटार काय म्हणते?"

मी म्हणाले, "अंकल, आतली एक वायर कापलेली होती. टेप लावलेली. ती तुम्ही कापली होती?"

ते लगेच हो म्हणाले. अगदी सहज. "मीच. वसईला एका लग्नात शॉक बसला होता मला. मशीन खराब. दोन टेबलं मागे जाऊन पडलो. मग म्हटलं, घरघर परवडली. कापून टाकली." हे बोलताना ते अर्धवट हसत होते. मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "का गं?"

मी सांगितलं. वायर मी जोडली तेही सांगितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणाला तरी.

त्यांच्या हातातलं जाळं मांडीवर तसंच राहिलं. त्यांची बायको आतून सरबत घेऊन आली आणि आमचे चेहरे बघून पेले खाली ठेवून उभी राहिली. अंकल म्हणाले, "मी पिकअपबद्दल सांगितलं होतं, नाही? मानेबद्दल सांगितलं."

"हो."

"याच्याबद्दल नाही सांगितलं."

"नाही."

"विसरलो मी," ते म्हणाले. "खरंच विसरलो. दहा वर्षं झाली होती कापून." आणि त्यांनी बायकोकडे बघितलं, जणू तिने साक्ष द्यावी की हा माणूस विसरतो.

तुमची चूक नाही, असं मी म्हणायला हवं होतं. म्हणता आलं नाही. त्यांच्याकडून तसंच काहीतरी ऐकायला मी खाडी ओलांडून आले होते. ते माझ्यासोबत होडीपर्यंत चालत आले, मध्ये मध्ये थांबत. होडी सुटल्यावर मी मागे बघितलं. ते धक्क्यावर उभेच होते आणि मी आले तेव्हापेक्षा म्हातारे दिसत होते. दारात सुखाने जाळं साफ करत बसलेल्या माणसाला मी हे नेऊन दिलं होतं, आणि माझ्याकडचं तसूभरही कमी झालं नव्हतं.

त्यानंतर काकांना शोधायला मला वर्ष लागलं. शोधायला एवढा वेळ लागणार नव्हता, तो लागला मला धीर व्हायला. ते मुलुंडला एका इलेक्ट्रिकच्या दुकानात पंखे दुरुस्त करायचे. दुकानाच्या फळीवर बसून एका पंख्याचं जळकं वाइंडिंग उकलत होते. मला बघून त्यांनी हातातलं खाली ठेवलं नाही.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वायर, टेप, डाग, आणि गल्लीत त्या दिवशी मी गप्प राहिले ते.

ते उकलत राहिले. मग म्हणाले, "मशीन करंट मारायचं. मला माहीत होतं. मी लाकडी पाटावर बसायचो ते काय हौस म्हणून? दुरुस्त करू करू म्हणत सीझन गेला." जळकी तार ओढत म्हणाले, "तू बोलली असतीस तर मार थोडा कमी पडला असता. बाकी काय?"

"मला माफ करा काका."

"आईला सांगितलंस?"

"नाही."

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "मग मला कशाला सांगतेस?"

त्याच संध्याकाळी मी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मी भराभर बोलत होते, अर्थिंग, पत्रा, ओली जमीन, आणि तिला यातलं किती कळतंय हे मला कळत नव्हतं. ती निवडत राहिली. खडा सापडला की बाजूला ठेवायची. माझं बोलणं संपल्यावर तिने विचारलं, "त्याला तो आवाज आवडला होता?"

"हो."

"मला पण," ती म्हणाली. मग सूप बाजूला ठेवून मोरीत गेली आणि नळ सोडून फार वेळ तिथेच राहिली. बाहेर आली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं नाही. पाच-सहा दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. रविवारी सकाळी धुतलेलं लुगडं नेसली आणि म्हणाली, "चल. त्यांचं घर दाखव."

मुलुंडला काकांच्या खोलीत ती जमिनीवर बसली. काका आणि त्यांची बायको समोर. आई म्हणाली, "आमच्या माणसांनी तुम्हाला मारलं. मी आत बसून ऐकत होते. मला बरं वाटत होतं." काकांची बायको रडायला लागली. काका म्हणाले, "वहिनी, मशीन माझंच होतं." आई म्हणाली, "हो. ते पण आहे." तिने कुणालाच सोडलं नाही, स्वतःलाही नाही, आणि तरी चहा झाला, आणि उठताना दोघी बायकांनी एकमेकींचे हात धरले. काकांनी परत वस्तीत यावं असं आईने सांगून बघितलं. ते आले नाहीत.

परतताना बसला गर्दी नव्हती. आम्ही खिडकीपाशी बसलो. भांडुप गेल्यावर आई म्हणाली, "मला नीट सांग. कुठून कुठे गेला तो करंट."

माझ्याकडे पेन होतं, कागद नव्हता. बसच्या तिकिटाच्या मागे मी एक चौकोन काढला, हे मशीन. एक रेघ, ही वायर. मग गिटार. मग एक माणूस काढला, दोन हात पसरलेला. एका हाताखाली तारा आणि दुसऱ्या हातात पाइप, पाइपाखाली जमीन. आई वाचायला शिकलेली नव्हती, पण चित्र तिला लगेच कळलं. तिने बोट चौकोनावर ठेवलं आणि रेघेवरून हळूहळू नेलं, गिटारवरून, डाव्या हातावरून, छातीवर आल्यावर थांबली. बस हलत होती, तिचं बोट तिथून हललं नाही.

"आणि इथून?" तिने विचारलं.

"इथून दुसऱ्या हातात. मग जमिनीत."

"किती वेळ लागतो?"

"वेळ लागत नाही, आई."

तिने तिकीट माझ्याकडून घेतलं, घडी घातली आणि मुठीत धरलं. उतरेपर्यंत आम्ही दोघी बाहेर बघत होतो.